उपयोगाचा रकाना

श्रावणातला रविवार. भुशी धरणाच्या रस्त्यावर मोटारींची रांग लागलेली, कणसांचा धूर पावसात मिसळत होता. त्याच वेळी नाणे मावळातल्या एका गावाच्या वरच्या अंगाला, देवराईच्या कडेशी, दोन माणसं एका झाडापाशी उभी राहून तावातावानं बोलत होती. एक निवृत्त प्राध्यापिका, जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलेली. दुसरा तिचा भाचा, औषधं बनवणाऱ्या कंपनीत रसायनतज्ज्ञ. नातं मावशी-भाच्याचं, त्यामुळे कुणी कुणाची भीड ठेवत नव्हतं. गावाचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. का, ते पुढे कळेलच.

भांडणाचं निमित्त होतं एक नोंदवही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीवर एक काम सोपवलं: जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि गावच्या हद्दीतली झाडंझुडपं, पाखरं, पिकांचे वाण, जाणकारांची माहिती लोक जैवविविधता नोंदवहीत उतरवायची. झाडांची शास्त्रीय नावं कोण सांगणार, म्हणून गावानं मावशीला बोलावलं. गाडी चालवायला भाचा. सकाळपासून अंजनी, पिसा, हिरडा, गेळा, जांभूळ असं सगळं सुरळीत लिहून झालं होतं. या एका झाडाशी गाडी अडली.

झाड दिसायला अगदीच सामान्य. दीड-दोन पुरुष उंचीचं, झुडूपच म्हणा. पानं एकाआड एक, लांबट, देठाशी दोन्ही बाजू नीट न जुळणारी. फांद्यांच्या टोकांना पिवळट-पांढऱ्या बारीक फुलांचे गुच्छ, पाकळ्या आतून लवदार. भाच्यानं एक पान चुरगाळून नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं.

"नरक्या म्हणतात ते उगाच नाही," मावशी म्हणाली. "आणि याचंच दुसरं मराठी नाव अमृता. एकाच झाडाला नरकही आणि अमृतही!"

"मग अमृताच लिही. आणि उपयोगाच्या रकान्यात लिही, कॅन्सरवरच्या औषधाचा कच्चा माल."

मावशीनं पेन्सिल खाली ठेवली. "ते मी लिहिणार नाही."

वाद इथून सुरू झाला. पण तो कशाबद्दल होता हे समजायला झाडाची कुळकथा माहीत हवी, आणि तिची सुरुवात इथून फार लांब नाही, खंडाळ्यातच आहे.

जॉन ग्रॅहम हा मुंबईचा डेप्युटी पोस्टमास्तर जनरल. टपालाच्या कामातून सवड काढून झाडं गोळा करायचा. मुंबई आणि परिसरातल्या वनस्पतींची त्याची यादी १८३९ साली छापली जात होती, आणि त्याच वर्षी मे महिन्यात, चौतिसाव्या वर्षी, तो खंडाळ्यात वारला. राहिलेली पानं निम्मो नावाच्या त्याच्या सहकाऱ्यानं पुरी केली. त्या यादीत ग्रॅहमनं या झाडाला निम्मोचं नाव दिलं होतं. फक्त कुळ चुकलं. त्यानं ते प्रेम्ना प्रजातीत, म्हणजे अरणीच्या भावकीत टाकलं.

"पोस्टमास्तरच तो, आणि टपाल चुकीच्या पत्त्यावर!" भाचा हसला.

"पत्ता दुरुस्त व्हायला शंभरावर वर्षं गेली," मावशी म्हणाली. मधल्या काळात ते मॅपिया फीटिडा या नावानं ओळखलं जात होतं. फीटिडा म्हणजे दुर्गंधी. आजचं नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. म्हणजे खंडाळ्यात वारलेल्या माणसानं आपल्या मित्राला वाहिलेलं नाव शेवटी टिकलं. मावशीच्या पिशवीत झेरॉक्स काढून बांधलेलं एक जाडजूड पुस्तक असतं: फादर सांतापाव यांचं 'फ्लोरा ऑफ खंडाला', १९५३ सालचं. झेवियर्स कॉलेजात शिकवणारे हे स्पॅनिश जेझुइट पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. एका घाटमाथ्याच्या गावावर असा स्वतंत्र ग्रंथ असावा, हे भाग्य महाराष्ट्रात फार थोड्या गावांच्या वाट्याला आलं असेल. लोणावळ्याला येणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत आहे, हा प्रश्न चिक्कीच्या दुकानात विचारून बघावा.

"हे सगळं नावाचं झालं," भाचा म्हणाला. "कामाचं मी सांगतो. तेही आपल्याच मुलखातलं आहे."

तो सांगत होता ती हकिगत खरोखरच नंदुरबारमार्गे जाते. मनसुख वाणी यांचा जन्म तिथला, १९२५ चा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेला गेले आणि १९६२ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या एका संशोधन संस्थेत मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. वॉल पूर्वी अमेरिकेच्या शेती खात्यात होते. तिथे दुसरंच काही शोधताना एका चिनी झाडाच्या अर्काचा उंदरांच्या कर्करोगावर विलक्षण परिणाम होतो असं आढळलं होतं. कॅम्प्टोथेका हे त्या झाडाचं नाव. चिनी भाषेत त्याला शी शू म्हणतात, म्हणजे आनंदाचं झाड. वॉल आणि वाणी यांनी त्यातला गुणकारी घटक वेगळा केला, त्याची रचना उलगडली आणि १९६६ साली जाहीर केली: कॅम्प्टोथेसिन. याच जोडीनं पुढे १९७१ मध्ये टॅक्सॉल जगापुढे आणलं. एका माणसाच्या हातून कॅन्सरवरच्या औषधांची दोन घराणी सुरू झाली. नंदुरबारात त्यांच्या नावाचा चौक व्हायला हरकत नव्हती.

आणि १९७२ साली मुंबईत, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात, टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी आपल्या घाटातल्या या वासट झाडाचा अर्क तपासला. त्यातही कॅम्प्टोथेसिन निघालं. चीनच्या झाडाशी याची सोयरिक नाही, कुळ वेगळं, आणि रेणू मात्र तोच.

"तिकडे आनंदाचं झाड, इकडे नरक्या. मार्केटिंगमध्ये आपण पहिल्यापासून मागे," भाचा म्हणाला.

"तुझं हे मार्केटिंगच नको आहे मला," मावशी उसळली. "दक्षिणेकडे काय झालं माहीत आहे ना? कोयना, पाटण, कोल्हापूर, सिंधुदुर्ग. रेणूची बातमी बाहेर गेली आणि मग माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. ढलप्या करून, वाळवून, पोत्यात भरून नेल्या. एकदा ढलपी झाली की नरक्या कुठला आणि सरपण कुठलं, नाक्यावरच्या वनरक्षकानं कसं ओळखायचं? बुंधा ठेवला असता तर फुटला असता तो. पण मुळात अर्क जास्त, म्हणून मुळासकट उपटला."

यात अतिशयोक्ती नाही. नरक्याच्या तस्करीचे गुन्हे आणि जप्त केलेल्या लाकडांच्या बातम्या दक्षिण महाराष्ट्रातल्या वाचकाला नव्या नाहीत. झाडात कॅम्प्टोथेसिनचं प्रमाण टक्क्याच्या एखाद्या अंशाइतकंच असतं; थोड्या अर्कासाठी खूप लाकूड लागतं. शिवाय झाडाची रीत अडचणीची. काही झाडांना नुसती नर फुलं, काहींना मादी, काहींना दोन्ही. म्हणजे दहा झाडं उरली तरी दहाही फळतील असं नाही. पावसाळ्यात फुलायचं, पावसाळा सरताना लालसर आणि मग काळपट जांभळी फळं धरायची, प्रत्येक फळात एकच बी, आणि त्या बीला रुजायची घाई नाही. वर्षाला साधारण चार हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या उतारावर ते रमतं. लोणावळ्याहून गाडीनं तासाभरावर पूर्वेला, मावळाच्या पठारी भागात उतरलं की संपतं.

भाचा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "मावशी, बाबांना इरिनोटेकॅन दिलं होतं. आठवतं?"

मोठ्या आतड्याचा कॅन्सर. मावशीला आठवत होतं. सलाईनच्या बाटलीखाली भाऊजी पेपर वाचत बसायचे.

"ते याच रेणूपासून बनतं. आणि तो रेणू आजही मुख्यतः झाडांमधूनच काढावा लागतो. प्रयोगशाळेत पहिल्यापासून बनवण्याच्या रीती १९७१ पासून माहीत आहेत, पण टनाच्या हिशेबात त्या परवडत नाहीत. तू उपयोगाचा रकाना कोरा ठेवलास तर कुणाला वाचवतेस? झाडाला, की झाडाच्या अज्ञानाला?"

भाच्याचं हे वाक्य टाळीचं होतं, पण मावशी टाळीला भुलणारी नव्हती. "भाऊजींना या झाडाचा काढा दिला असता तर?"

"तर लवकर गेले असते."

"मग औषध झाड आहे, की तुम्ही झाडापासून जे केलंत ते?"

इथे भाच्याला आपल्याच बाजूचं एक लाजिरवाणं प्रकरण सांगावं लागलं. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही. म्हणून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा विरघळणारा सोडियम क्षार करून रुग्णांना दिला गेला. लघवीच्या पिशवीतून रक्त, भयंकर जुलाब, रक्तपेशींची घट. गुण मात्र फारसा नाही. चाचण्या थांबल्या. रेणूत पाच कडी एकमेकांना जोडलेली असतात. शेवटचं कडं मिटलेलं असेल तरच तो काम करतो, आणि क्षार करताना नेमकं तेच कडं उघडलं जात होतं. सगळं नुकसान पदरात, लाभ शून्य. पुढची दहा-बारा वर्षं हे औषध जवळजवळ टाकून दिल्यासारखं होतं.

१९८५ साली कळलं की ते नेमकं करतं काय, आणि ते भाच्यानं समोरच्या दरीकडे बोट दाखवून समजावलं. दरीत लोहमार्ग होता, १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटाच्या मार्गाचा वारस.

"सुंभाच्या दोरीचे पेड एका टोकाकडून उलगडायला लागलं की पुढे पीळ साचत जातो. पेशी दुभंगताना डीएनएचंही तसंच होतं. तो पीळ काढायला एक एन्झाइम असतं, टोपोआयसोमरेज. ते एक पेड कापतं, पीळ जाऊ देतं, पुन्हा सांधतं. उन्हानं ताणलेला रूळ गँगमन कापतात आणि ताण गेला की जोडतात, तसं. आपला रेणू त्या कापलेल्या जागी पाचरीसारखा बसतो. सांधा होत नाही. तेवढ्यात गाडी येते."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात," मावशी पुटपुटली.

"इथे पीळ गेला नाही तर सुंभच जळतो. कॅन्सरच्या पेशी सारख्या दुभंगत असतात, म्हणून त्यांच्या रुळावर गाड्या जास्त. केसांच्या मुळांशी, आतड्याच्या अस्तरात, हाडांच्या मगजातही गाड्या असतातच, म्हणून त्रास."

हे कळल्यावर रसायनतज्ज्ञ पुन्हा कामाला लागले. कडं शाबूत ठेवून विरघळणारे भाऊबंद तयार झाले. जपानच्या याकुल्ट कंपनीनं, त्याच छोट्या बाटलीतल्या आंबट-गोड पेयाच्या याकुल्टनं, इरिनोटेकॅन आणलं. जपानमध्ये १९९४ साली आणि अमेरिकेत १९९६ साली त्याला परवानगी मिळाली. त्याच वर्षी अमेरिकेत टोपोटेकॅन आलं, बीजांडकोशाच्या कॅन्सरसाठी. इरिनोटेकॅनची गंमत अशी की ते शरीरात गेल्यावर, मुख्यतः यकृतात, बदलतं आणि तिथे जे बनतं ते मूळ औषधापेक्षा शेकडो पटींनी तीव्र असतं. झाडातल्या रेणूपासून बाटलीपर्यंत एक प्रवास, बाटलीपासून गाठीपर्यंत दुसरा.

"म्हणजे तूच कबूल केलंस," मावशी म्हणाली. "हे झाड औषधी नाही. विषारी आहे."

"विषारीच. व्हॉट्सॲपवर कुणी याच्या पानांचा रस घ्यायला सांगितला तर त्याला आधी ठाण्यावर न्यावं."

मावशीला हवं ते मिळालं होतं, पण तिथेच थांबेल तर ती मावशी कसली. तिचा आणखी एक मुद्दा होता आणि तो थेट परंपरेवरचा होता. अमृता हे नाव ऐकून लोकांना वाटतं, हे आयुर्वेदातलं काहीतरी आहे. संहितांमधली अमृता म्हणजे गुळवेल. नरक्याची महती प्रयोगशाळेतून आली, आजीबाईच्या बटव्यातून नव्हे. उलट जिथे परंपरा खरोखर जुनी होती, त्या सर्पगंधेचं काय झालं? मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हृदयरोग पत्रिकेत तिच्या मुळांचे रक्तदाबावरचे परिणाम मांडले. जगभर मागणी उसळली. १९५५ पर्यंत भारत सरकारला मुळांच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली आणि १९९० साली तिचं नाव आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या वनस्पतींच्या यादीत गेलं.

"परंपरेनं सांगितलेलं असो की तुमच्या यंत्रानं," मावशी म्हणाली, "झाडाला 'औषधी' म्हटलं की त्याचं आयुष्य कमी होतं. तो शब्द झाडाला कधी मानवलेला नाही."

ती जरा जास्तच बोलली, असं या लेखकाचं मत आहे. हिरड्याला 'औषधी' म्हणून शेकडो वर्षं झाली. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत त्याच नावावर आदिवासी घरांना दोन पैसे मिळतात, आणि हिरडा उभा आहे. फरक असा की हिरड्याचं फळ घेतात आणि नरक्याचं मूळ. कोणतं झाड औषधी यापेक्षा त्याचा कोणता भाग लागतो, यावर त्याचं भवितव्य ठरतं.

भाच्याला हेच सुचलं असावं. तो लागवडीकडे वळला. बांधावर लावा, फांद्या छाटा, बुंधा राखा. मग बुरशीकडे वळला: २००५ साली जम्मूच्या संशोधकांनी नरक्याच्या आतच राहणारी एक बुरशी वेगळी केली आणि ती स्वतंत्रपणे वाढवल्यावर कॅम्प्टोथेसिन देते असं दाखवलं. झाड न तोडता टाकीत औषध!

"पुढचं सांग की," मावशी म्हणाली. तिनं ते वाचलेलं होतं. अशा बुरशा प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवत गेलं की रेणू बनवणं कमी करत जातात. झाडाबाहेर काढलं की त्यांचं मन लागत नाही, असं ती म्हणाली. शास्त्रीय भाषेत ते असं म्हणत नाहीत, पण अर्थ तोच.

"आणि झाड स्वतः मरत कसं नाही, हे सांगितलंस का? तुझ्या रेणूनं सगळ्यांचे रूळ तुटतात, मग याचे का नाही?"

भाच्याचा चेहरा खुलला. हा प्रश्न त्याच्या आवडीचा होता. जपानमधल्या संशोधकांनी २००८ साली तो तपासला. कॅम्प्टोथेसिन बनवणाऱ्या वनस्पतींच्या टोपोआयसोमरेजमध्ये अमिनो आम्लं थोडी बदललेली होती. त्यांतला एक बदल ७२२ व्या जागी होता, अ‍ॅस्परजिनऐवजी सेरीन. तेवढ्यानं पाचर बसत नाही. आणि हाच, नेमका याच जागचा बदल, या औषधाला दाद न देणाऱ्या माणसाच्या रक्तकर्करोगाच्या पेशींमध्येही सापडला होता.

मावशी बराच वेळ झाडाकडे बघत राहिली. पाऊस पानांवरून ठिबकत होता. झाडानं स्वतःच्या विषापासून वाचायला जी युक्ती काढली, तीच कॅन्सरच्या पेशीनं औषधापासून वाचायला काढली. चाळीस वर्षं वर्गात शिकवूनही हे तिला ठाऊक नव्हतं, आणि न लपवता तिनं तसं सांगितलं.

"बाबांना शेवटी ते लागू पडेना, ते याच तऱ्हेनं का, कोण जाणे," भाचा म्हणाला. मग आवाज बदलून, "आणि ते जुलाब. केवढे जुलाब!"

"त्याच्यावरचा कुडा बघ समोर उभा आहे," मावशी म्हणाली. खरंच, पंधरा पावलांवर पांढरा कुडा होता. कुटज म्हणून पोटाच्या विकारांवर त्याची साल आयुर्वेदात प्रसिद्ध.

"नाही हं. त्या जुलाबांवर डॉक्टर सांगतील तेच. यात कुडा आणायचा नाही."

"आणत नाहीये. नुसतं शेजार दाखवतेय."

नोंदवहीचा प्रश्न तसाच राहिला होता. भाच्याचा शेवटचा मुद्दा कायद्याचा होता, आणि मावशीला त्याचं सरळ उत्तर नव्हतं. कुणी व्यापारी या झाडाला हात लावायला आला तर समिती त्याच्याकडून शुल्क घेऊ शकते. परदेशी कंपनीला चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी लागते, देशी कंपनीचा संबंध नागपूरच्या राज्य मंडळाशी येतो. पण गावानं झाड नोंदलंच नसेल तर हक्क कशाच्या जोरावर सांगणार?

"२०२३ च्या दुरुस्तीत किती सवलती दिल्यात ते बघ," मावशी कुरकुरली. लागवडीतल्या औषधी वनस्पती, ग्रंथांत नोंदलेलं ज्ञान यांना लाभवाटणीतून सूट आहे. "गावापर्यंत काय पोचणार?"

"नोंद असेल तर काहीतरी पोचेल. नसेल तर नुसती पोती जातील."

समितीतला एक तरुण इतका वेळ छत्री धरून ऐकत उभा होता. त्यानं विचारलं, "मॅडम, मग हे झाड लिहायचं का नाय?"

मावशीनं वही उघडली. स्थानिक नाव: नरक्या, अमृता. शास्त्रीय नाव तिनं सावकाश, अक्षर अक्षर लावत लिहिलं. उपयोगाच्या रकान्यात लिहिलं, "पानं-मुळं पोटात घेऊ नयेत. अर्कापासून कारखान्यात कॅन्सरची औषधं बनतात. तोडायला बाहेरचं कुणी आलं तर समितीला कळवावं." 'आढळ' या रकान्यापाशी ती थांबली. तरुणाकडे बघून म्हणाली, "जागा तुमच्या ग्रामसभेत ठरवा. काही माहिती गुप्त ठेवायची असेल तर तसं करता येतं." आणि तो रकाना तिनं कोरा सोडला.

"पेन्सिलनं का लिहितेस?" भाच्यानं विचारलं. "पुसून टाकायला सोपं म्हणून?"

"पावसात शाई फुटते रे," मावशी म्हणाली आणि वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कुड्याकडे निघाली.